पेंटरांचा होकार

४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहितोय म्हणून रुसू नका. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मग तुम्ही "बरं बरं" म्हणत राहता आणि माझं अर्धं बोलणं वाया जातं. पत्र मात्र तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

काल एक मोठं ऑपरेशन केलं. पेशंट म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक गृहस्थ. सगळे त्यांना पेंटरच म्हणतात. या शहरातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या आहेत. शिंप्याची, चष्म्याच्या दुकानाची, बंद पडलेल्या नाटकगृहाची, आणि आमच्याच हॉस्पिटलच्या जिन्यावरची "शांतता राखा". त्या पाटीखाली उभं राहून मी किती वेळा ओरडलोय ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही पलीकडेच उभ्या असायचात. तर, त्यांच्या अन्ननलिकेत गाठ होती. तो भाग काढला, जठर छातीत वर ओढून घेतलं आणि उरलेल्या नलिकेला जोडलं. जोड इतका देखणा झाला की शेवटचा टाका घातल्यावरही मी जरा वेळ नुसता बघत राहिलो.

भूल देण्याआधी तुमचा प्रश्न विचारला. तुम्ही निवृत्त झालात, पण तुमचा प्रश्न माझ्या थिएटरमधून निवृत्त झालेला नाही. तुमच्या जागी आलेली नवी भूलतज्ज्ञ मुलगी लाजते, म्हणून मीच पेशंटच्या कानाशी वाकून विचारतो, "आता झोप लागेल हं. कुठे जायचंय?"

पेंटर म्हणाले, "छतावर." त्यांची रंगवायची खोली लहान होती, त्यामुळे ओल्या पाट्या वाळायला छतावर नेऊन कठड्याला टेकवून ठेवायचे. दुपारी त्या पाट्यांच्या सावलीत ते आडवे व्हायचे. ओल्या काळ्या रंगात आभाळ दिसायचं आणि ढग एका अक्षरातून निघून पुढच्या अक्षरात जायचे. "एकदा पक्ष्यांचा आख्खा थवा गेला हो..." एवढं म्हणाले आणि पुढचं वाक्य झोपेत घेऊन गेले.

तेव्हापासून ते छत माझ्या डोक्यातून जात नाही. आज सकाळी लिफ्टमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागली, तर मी तिथेच होतो. ऊन होतं, वारा होता, पाट्या वाळत होत्या, आणि मला कुठेही जायची घाई नव्हती. मजला आला आणि लिफ्टवाल्याने कोपराने ढोसलं.

तळ्याकडे फिरायला जाता का? की नुसतं खिडकीतून बघता?

तुमचा धाकटा दीर


११ ऑक्टोबर

भाऊजी,

लिफ्टमध्ये झोपणारा सर्जन म्हणजे कठीणच आहे. एवढं थकायचं कशाला? पण छत मलाही आवडलं. पत्र वाचून मी दुपारी पडले, आणि खरं सांगते, ढग बघत बघतच झोप लागली.

तळ्याकडे जाते. हल्ली सकाळी इतकं धुकं असतं की तळं कुठे संपतं आणि वाट कुठे सुरू होते ते पायालाच विचारावं लागतं. तुमचे दादा असते तर "परत फिर, पडशील" म्हणून ओरडले असते. ते नाहीत, म्हणून मी सावकाश पुढे जाते. धुक्यात मला ऐकू येत नाही याचं काही वाटत नाही. तिथे सगळ्यांनाच थोडं कमी ऐकू येत असणार.

माझा प्रश्न अजून चालू आहे हे ऐकून बरं वाटलं. काय काय उत्तरं मिळायची! एक न्यायाधीश म्हणाले होते, शाळेला दांडी मारून आंब्याच्या झाडावर. एका पोस्टमनकाकांनी सांगितलं, "कुठेच नको बाई, जरा बसू द्या." तुम्ही तेव्हा हात धुऊन ताटकळत उभे राहायचात आणि माझ्याकडे डोळे वटारायचात. आता स्वतःच विचारता म्हणजे सुधारणा आहे.

पेंटर पाणी प्यायला लागले का? अन्ननलिकेचे पेशंट मला नेहमी त्यावरूनच आठवतात. पहिल्या घोटाला सगळ्यांचा चेहरा एकसारखा होतो.

जेवत जा वेळेवर.

वहिनी


२४ ऑक्टोबर

वहिनी,

पेंटर पाणी प्यायलेले नाहीत. जोड गळतोय.

तोच, देखणा. तपासणीसाठी एक्स-रेत दिसणारं औषध पाजलं, तर ते जायचं तिथे न जाता जोडातून निसटून छातीत पसरलं. पडद्यावर ते पसरताना मी बघत होतो. आता छातीत एक नळी आहे, ती बाहेर बाटलीत रिकामी होते. जेवण दुसऱ्या नळीने थेट आतड्यात जातं. तोंडाने काही नाही, थेंबसुद्धा नाही. सिस्टर ओल्या कापसाने ओठ टिपतात तेवढंच. आवाज पार बसलाय. हात मात्र स्वस्थ नसतो, बोटाने हवेत काहीतरी लिहीत असतात. मला आधी वाटलं जुन्या पाट्या आठवतायत. मग नीट पाहिलं तर दर वेळी एकच शब्द, "पाणी". त्यातला काना ते फार निगुतीने ओढतात.

मार्ग एकच आहे. पुन्हा उघडायचं, जोड सोडवायचा, नलिकेचं तोंड मानेवर बाहेर काढायचं, आणि सगळं निवळल्यावर काही महिन्यांनी पुन्हा जोडायचं. तोवर जेवण नळीनेच. धोका मोठा आहे, मी तो लपवला नाही. पण नाही केलं तर छातीतला जंतुसंसर्ग आज ना उद्या जिंकणारच. पेंटरांना सगळं समजावलं, त्यांनी सही केली. हात थरथरत होता तरी सही काय वळणदार! मी रोज सकाळी जाऊन सांगतो, "पेंटर, छतावर जायचंय ना आपल्याला? मग हे एवढं करायलाच हवं." ते मान हलवतात.

आणि दुपारी सिस्टरांना सांगतात, "नको मला."

सिस्टरांनी हे मला सांगितलं. मी पुन्हा जाऊन विचारलं, पेंटरांनी पुन्हा मान हलवली. विषय संपायला हवा होता की नाही? तर सिस्टरांनी परस्पर एथिक्स कमिटीला फोन केला. आमच्याकडे आता अशी कमिटी आहे. उपचारात काय योग्य, काय अयोग्य असा पेच पडला की तिथून एक डॉक्टर येतात, सगळ्यांशी बोलतात आणि सल्ला देतात. माझ्या वॉर्डात, माझ्या पेशंटसाठी, माझ्या डोक्यावरून! मी काय गुन्हा केलाय?

आलेल्या बाई मुलांच्या डॉक्टर आहेत, आवाजही तसाच. येताना बगलेत घडीची खुर्ची घेऊन येतात, कारण वॉर्डात पेशंटपाशी बसायला काही नसतं. आमच्या ज्युनियर्सनी त्यांचं नाव खुर्चीबाई ठेवलंय. मला म्हणाल्या, "तुमच्या सोयीने एकदा सगळे बसू या." मी म्हटलं, माझी सोय थिएटरमध्ये असते. ऑपरेशन मात्र थांबवावं लागलंय. पेंटरांना तापही आहे.

काल दुपारी केबिनमध्ये डोळा लागला. छतावरच्या पाट्या सगळ्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

धाकटा दीर


३० ऑक्टोबर

भाऊजी,

"माझ्या वॉर्डात, माझ्या पेशंटसाठी, माझ्या डोक्यावरून." तीनदा माझ्या. मी वाचून इतकी हसले की चहा सांडला. रागावू नका. तुम्ही लहानपणीही असेच होतात म्हणे. तुमचे दादा सांगायचे, पतंग कोणी नुसता हातात घेतला तरी तुम्ही रडायचात.

जोड गळतो हे वाचून मात्र हसू गेलं. कोणाच्याही हातचा गळतो. तुमच्या हाताला मी इतकी वर्षं पडद्यापलीकडून ओळखते, त्यात खोट नाही.

पण पडद्याचं बघा. ऑपरेशनला आपण मध्ये हिरवा पडदा बांधतो. तुमच्या बाजूला पोट आणि छाती असते, माझ्या बाजूला चेहरा. तुम्ही तिकडे तासन्‌तास भांडत असायचात रक्ताशी, गाठीशी, कधी सिस्टरशी. मी इकडे बसून त्या माणसाच्या पापण्या बघत असायचे. एकच माणूस, पण दोघांना वेगवेगळा दिसायचा. तुमच्या सिस्टर माझ्या बाजूला बसल्यात, असं मला वाटतं. दुपारी त्यांना जे ऐकू आलं ते तुम्हाला सकाळी ऐकू आलं नसेल.

आमच्या वेळी असं कोणाला बोलावता येत नव्हतं. सगळं तुमच्या चेहऱ्यावर ठरायचं, आणि तुमचा चेहरा तर मास्कमध्ये. म्हणून म्हणते, त्या बाईंना येऊ द्या. खुर्ची स्वतःची आणतायत, तुमचं काय जातंय?

काल तळ्यावर धुक्यात कोणीतरी पुढे चालत होतं. वाटलं हाक मारावी, पण कोणाला मारू हे सुचेना. मग मी नुसती मागे मागे गेले, आणि छान वाटलं.

वहिनी


४ नोव्हेंबर

वहिनी,

तुम्ही हसा. तुम्हाला हसायला तळं आहे, धुकं आहे.

माझ्यासमोर एक माणूस आहे जो सकाळी हो म्हणतो आणि दुपारी नाही, आणि ताप दोन्ही वेळा असतो. यातला खरा कोण, हे खुर्चीवर बसून ठरत नाही. मी त्याची छाती उघडलीय. ऑपरेशनआधी त्याने माझा हात धरून सांगितलं होतं, "डॉक्टर, आता सगळं तुमच्यावर." त्याचा काही अर्थ असतो की नाही? अर्ध्यावर सोडायचं होतं तर सुरुवात कशाला केली?

आणि थांबायचं कधी, हे तुम्ही मला सांगावं? दादाच्या वेळी तुम्ही थांबलात? शेवटचे ते सगळे आठवडे, नळ्या, सुया, रोज नवं काहीतरी. मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. वाटलं, तुमचा नवरा आहे, तुम्हाला सोडवत नाहीये. पण मी त्याचा चेहरा बघत होतो. पडद्याच्या कुठल्याही बाजूने बघितला असता तरी तो तसाच दिसला असता.

पुढे काही लिहीत नाही.


१३ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र आलं आणि मी दोन-तीन दिवस स्वयंपाकघरात भांडी आपटली. ऐकू येत नाही याचा तोटा असा की आपटल्याचं समाधानसुद्धा अर्धंच मिळतं.

आता ऐका. तुमच्या दादांना मी विचारलं होतं. सकाळची वेळ होती, मी त्यांची दाढी करत होते. गालाला साबण होता. मी विचारलं, "थांबायचं का आता? थकलात?" ते म्हणाले, "मुळीच नाही. मला सगळं हवंय. ज्या काय नळ्या असतील त्या घाला. मला उद्याचा पेपर वाचायचाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. पेपर त्यांना धरवत नव्हता, मी वाचून दाखवायचे, आणि त्यातल्या बातम्यांवर ते चिडायचे. भाऊजी, ते चिडत चिडत गेले आणि त्यांना तसंच जायचं होतं. तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते हाल नव्हते, बहुतेक संपादकीय होतं.

तुम्ही तेव्हा यायचात, मशीनचे आकडे बघायचात, आणि माझ्याकडे बघणं टाळायचात. मी समजत होते, भाऊ जातोय, दुःख आहे. तो माझ्यावरचा राग होता हे मला आत्ता कळलं, इतक्या वर्षांनी. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तुम्ही एकदा मला विचारलं असतंत तर? किंवा त्यांना?

यातून असं समजू नका की वहिनी म्हणते थांबा. कदाचित तुमचे पेंटरही चिडत चिडत जाणारे असतील. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि माझा प्रश्न तुम्ही भलत्याच कामाला जुंपलाय. "कुठे जायचंय" हे मी विचारायचे ते भूल देण्यासाठी. माणूस मनाने सुखाच्या जागी पोचला की अंग सैल सोडतो, घाबरत नाही, औषधही कमी लागतं. त्या उत्तराचं पुढे काही करायचं नसतं. न्यायाधीशांचं आंब्याचं झाड कधीच तोडलेलं होतं, त्यांनीच मला नंतर सांगितलं. ती झोपेतली जागा असते. तुम्ही त्या माणसाची झोपेतली जागा उचलून आणलीत आणि रोज सकाळी त्याच्यासमोर धरून म्हणताय, चला, त्यासाठी छाती उघडू. तो बिचारा मान हलवणार नाही तर काय करणार? स्वतःच्या स्वप्नाला कोण नाही म्हणेल?

जा आणि त्या खुर्चीपाशी बसा. मग मला लिहा.

वहिनी


१९ नोव्हेंबर

वहिनी,

मला माफ करा. दादाविषयीचं तुमचं लिहिणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. साबण लावलेल्या गालांनी तो "मुळीच नाही" म्हणतोय, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी केबिनचं दार लावून घेतलं आणि रडलो. मग हसलोही. संपादकीय!

काल सगळे बसलो. पेंटरांच्या पलंगाशी दुपारचं ऊन येतं, पडद्यातून गाळून, आणि सगळं जरा पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. पेंटर, त्यांची मुलगी, सिस्टर, बाई आणि मी. मुलगी फ्लेक्स छापते. वडिलांच्या पाट्या ज्याने बंद पाडल्या तोच धंदा, आणि दोघं त्यावरून एकमेकांना अजून टोचतात. बाईंनी आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला टेकल्या. खुर्ची बुटकी आहे. तिच्यात बसलं की पेशंटकडे वर बघावं लागतं. इतक्या वर्षांत मी कोणाही पेशंटकडे खालून बघितलं नव्हतं.

बाईंनी पहिला प्रश्न मलाच केला, "डॉक्टर, तुम्हाला काय हवंय?" मी जंतुसंसर्ग, धोका, शक्यता असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "हे त्यांच्या छातीविषयी झालं. तुम्हाला काय हवंय?" मी खुर्चीत जरा पुढे सरकलो. मग म्हटलं, "ते माझ्या हातून जायला नकोत." मोठ्याने म्हटल्यावर ते वाक्य मला वेगळंच ऐकू आलं. त्यात पेंटर कमी होते आणि हात जास्त होता.

मग त्या पेंटरांकडे वळल्या. "तुम्ही सकाळी हो म्हणता आणि दुपारी नको म्हणता. दोन्ही ठीक आहे. पण सकाळी हो का म्हणता ते सांगाल?"

पेंटर माझ्याकडे बघत कुजबुजले. मुलगी कान लावून आम्हाला सांगत होती. "म्हणतायत, डॉक्टरांचं मन मोडवत नाही. इतके कष्ट घेतले त्यांनी. रोज सकाळी स्वतः येतात, बसत नाहीत पण थांबतात, पाट्यांचं बोलतात. त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? भीड पडते. म्हणतायत, मीसुद्धा कारागीर आहे. गिऱ्हाइकाने पाटी परत केली की काय वाटतं ते मला माहीत आहे."

वहिनी, तो माणूस माझ्यासाठी छाती उघडून घ्यायला तयार झाला होता. मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी तो होकार खिशात घालून फिरत होतो.

मी छताचं विचारलं. पेंटर चक्क हसले. छत केव्हाच पाडलंय. तिथे आता मुलीचं फ्लेक्सचं दुकान आहे. "तुम्ही इतक्या प्रेमाने बोलायचात," मुलगी म्हणाली, "म्हणून बाबा म्हणाले, राहू दे, सांगू नकोस." मग तिने एकदम मला विचारलं, "ऑपरेशन नको म्हटलं तर तुम्ही रागावून त्यांना सोडून द्याल का?" मला वाटलं होतं, अशी भीती माझ्याविषयी कोणाला नसेल. मी नाही म्हटलं. बाईंनीही नीट समजावलं, की ऑपरेशन नको म्हणजे डॉक्टर नको असं नाही. वेदनेचं औषध, तापाचं औषध, रोजचं येणं, सगळं चालू राहील.

"मग तुम्हाला काय हवंय, पेंटर?" मी विचारलं. पहिल्यांदाच.

त्यांनी बोट उचललं. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत होतो. शब्द पुरा व्हायच्या आधीच सगळ्यांना कळला होता, तरी आम्ही त्यांना तो पुरा लिहू दिला.

मी त्यांना सरळ सांगितलं. प्यायलेलं पाणी पोटात पोचणार नाही, जोडातून छातीत उतरेल, ताप वाढेल आणि दिवस कमी होतील. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. मुलीने हात धरला होता. मग कुजबुजले, "गार मिळेल?"

ऑपरेशन रद्द झालं. पाण्याचं ठरलंय. ताप जरा उतरला की द्यायचं. सिस्टर पाजतील. मी आपला बाहेर थांबेन म्हणतो. जो जोड मी जपत आलो त्यावर कोणी पाणी ओततंय, हे मला बघवेल असं वाटत नाही. मी चुकतोय का? खरं सांगा.

तुमचा दीर


२३ नोव्हेंबर

भाऊजी,

खरं सांगते. तुम्ही पाजा.

बाहेर थांबलात तर त्यांना वाटेल, रुसले. पुन्हा भीड पडेल आणि एका घोटात "पुरे" म्हणतील. तहान असूनही म्हणतील, तो माणूसच तसा दिसतो. तुमच्या हातून मिळालं तर मोकळेपणाने पितील. आणि तुम्हालाही कळेल की हात टाके घालायला असतात तसे पेला धरायलाही असतात. एवढं ज्ञान पाजळून झालं, आता वहिनीचा हुकूम समजा.

पलंगाची डोक्याकडची बाजू वर करा. घोट लहान द्या. आणि त्या बाटलीकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा.

मी इथून तुमच्या बरोबर आहे.

वहिनी


९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

पेंटर परवा सकाळी गेले. मुलगी जवळ होती, मीही होतो. पहाटे उजाडताना श्वास लांब लांब होत गेला आणि मग नुसतं ऊन उरलं. त्रास झाला नाही. मुलीने जाताना मला वाकून नमस्कार केला, आणि मला तो कुठे ठेवावा हेच कळेना. खुर्चीबाईही आल्या होत्या. त्याआधीच्या आठवड्यात त्यांना मीच फोन केला होता, दुसऱ्या एका पेशंटसाठी. सिस्टरांनी हे ऐकलं आणि मुद्दाम खोकल्या.

पण मला तुम्हाला पाणी पाजलं त्या पहिल्या दिवसाचं सांगायचंय. म्हणून तर लिहायला बसलो.

ताप उतरला होता. दुपार होती. वॉर्डात कोणाच्यातरी रेडिओवर अगदी बारीक काहीतरी वाजत होतं, आणि बाकी सगळं झोपेत असल्यासारखं. पलंग वर केला. सिस्टरांनी पेला माझ्या हातात दिला आणि त्या मागे सरकल्या. काचेचा पेला होता, बाहेरून घाम आलेला. वहिनी, माझा हात कापत होता. छाती उघडताना कधी कापला नाही. पेंटरांनी आपला हात वर करून माझ्या मनगटाला लावला आणि मला सावरलं. नवशिक्याचा ब्रश धरावा तसा.

पहिला घोट त्यांनी गिळलाच नाही. नुसता तोंडात धरून ठेवला. डोळे मिटले. तुम्ही म्हणाला होतात तोच तो चेहरा. मी इतक्या वर्षांत किती अन्ननलिका जोडल्या, पण पहिल्या घोटाच्या वेळी मी नेहमी पुढच्या ऑपरेशनला गेलेला असायचो, त्यामुळे तो चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. मग गिळलं. ठसका लागला, मुलीने पाठ चोळली. आणि थोड्या वेळाने ते पाणी छातीतल्या नळीतून खाली बाटलीत उतरताना दिसलं. तुम्ही नको म्हणाला होतात तरी मी बघितलं. त्यांनीही बघितलं. आम्ही दोघांनी मिळून ते उतरू दिलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ ओले होते. एवढं सगळं होऊन, सगळं बोलून-ठरवून झाल्यावरही त्या नजरेत भीड होतीच. पंगतीत पुन्हा मागताना माणूस ओशाळतो ना, तसे ओशाळून त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणखी मिळेल?"

मी म्हटलं, "मिळेल, पेंटर. हवं तेवढं मिळेल."

तुमचा धाकटा दीर